वेचणीचा हिशोब: गावात राहून सॉफ्टवेअर शिकण्यासाठी एक पुरेसा प्रोजेक्ट

कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे बायोडेटे पाहिले तर तेच तीन प्रोजेक्ट फिरत असतात: ग्रंथालयाचं व्यवस्थापन, हवामानाचं ॲप आणि व्हिडिओ पाहून उतरवलेलं एखादं ऑनलाइन दुकान. मुलाखत घेणारा विचारतो, ‘हे करताना काय अडलं?’ आणि बोलणं तिथेच खुंटतं. ते प्रोजेक्ट कुणी वापरलेलेच नसतात, मग अडणार काय?

वणी, दारव्हा, हिंगणघाट, अचलपूर अशा कापूसपट्ट्यातल्या कुठल्याही गावात याहून चांगला प्रोजेक्ट घरातल्या कोनाड्यात पडून आहे. तो म्हणजे वेचणीच्या हिशोबाची वही. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) झाली की वावरात वेचणी सुरू होते, वेचणाऱ्या बायकांचं वजन रोज संध्याकाळी वहीत चढतं, मधे कुणी उचल नेतं आणि बाजाराच्या दिवशी चुकारा, म्हणजे मजुरीचं वाटप होतं. माणसं पंधरा-वीस, नोंदी दिवसाला तेवढ्याच, हंगाम तीन-चार महिन्यांचा. एकट्याला पेलेल इतकं हे काम लहान आहे. पण मजुरीचे पैसे असल्यामुळे त्यात एकही चूक खपत नाही. डेटाबेस, आकड्यांची अचूकता, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरवून दिलेले संकेत), बॅकअप, चाचण्या, आवृत्त्या सांभाळणं हे सगळं या एका वहीत येतं. ते कसं करायचं, कुठे फसतं आणि का फसतं, ते इथे दिलं आहे.

शिक्षणाची वाट, थोडक्यात

दहावीनंतर कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट गावाकडच्या मुलामुलींना बारावीपेक्षा अनेकदा सोयीची पडते. प्रात्यक्षिकं लवकर सुरू होतात आणि सीईटीच्या क्लासचा खर्च वाचतो. बारावी विज्ञान केलंत तर इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिच्यात गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, एकूण गुण २००, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तिसरी वाट बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून तिला कमी लेखू नका. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे चार विषय मन लावून केले तर या पदवीवरही काम मिळतं.

प्रवेशात मुलं अभ्यासापेक्षा कागदांवर जास्त अडकतात. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, त्यामुळे त्याचा अर्ज अकरावीतच टाका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर हे सगळे दाखले निकालाच्या आधी हातात हवेत. निकाल लागला की सेतू केंद्रावर रांग लागते. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात पडत नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हे अजूनही बऱ्याच घरांत माहीत नसतं, आणि फीपायी मुलीला जवळच्या कला महाविद्यालयात घातलं जातं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही पाहून ठेवावा.

यंत्र, वीज आणि नेट

नवीन लॅपटॉप नसला तरी चालतं. कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात. त्यांत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असली की या कामाला भरपूर झालं. दुकानात चार गोष्टी तपासा: चार्जर काढून बॅटरी किती वेळ तग धरते, बिजागरी ढिली आहे का, सगळ्या कळा उमटतात का, आणि एसएसडीची प्रकृती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय दिसतं. ४ जीबीचं जुनं यंत्र घरात पडून असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. तेवढ्यानेही त्याला नवा जीव येतो. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका.

लॅपटॉपची सोय होईपर्यंत अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (आज्ञा टाइप करून प्रोग्राम चालवायचं ॲप) टाकून या प्रोजेक्टला लागणारी पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) ही तिन्ही चालवता येतात. टर्मक्स एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारातून घ्या. फोनच्या कीबोर्डवर कोड लिहिताना अंगठे दुखतात, म्हणून ओटीजी केबल घेऊन साधा यूएसबी कीबोर्ड जोडा.

कापसाच्या घरात एक त्रास वेगळाच असतो. भाव चढेल म्हणून कापूस खोलीत रचून ठेवलेला असतो आणि त्याचे बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्यात ओढले जातात. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांवर त्यांचा नमदा बसतो, यंत्र तापतं, मग प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि मुलाला वाटतं आपला कोड हळू आहे. हंगामात महिन्यातून एकदा मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने ती जाळी साफ करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फुंकरीने गरगर फिरवू नका. उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवू नये. ती हवा थंड असली तरी ओलसर असते.

वीज जाणार हे धरूनच कामाची मांडणी करा. घरात वायफाय असेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा यूपीएस लावला तर तो सतत बंद-चालू होत राहतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचं) करून ठेवा, नाहीतर अपडेट सकाळीच दिवसाचा सगळा डेटा गिळून बसतात. पायथनची पूर्ण कागदपत्रं एका झिप फाइलमध्ये उतरवता येतात. तालुक्याला किंवा कॉलेजात चांगलं नेट मिळेल त्या दिवशी ती आणि लागणारी पॅकेजं (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) एकदाच उतरवून ठेवा. ‘पिप डाउनलोड’ने आणलेली पॅकेजं नंतर नेट नसतानाही बसवता येतात. या प्रोजेक्टला तशी बाहेरची पॅकेजं लागतच नाहीत. एसक्यूलाइट आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) या दोन्हींची सोय पायथनसोबतच येते.

आधी वही वाचा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन संध्याकाळी काट्याजवळ उभे राहा. वजन कोण करतं, वहीत कोण लिहितं, भांडण कशावरून होतं, ते पाहा. गाठोडं काट्याला लागतं तेव्हा कापसासोबत कापडाचंही वजन लागतं, ते वजा करतात का? किती? सकाळी दव असताना वेचलेला कापूस जड भरतो, त्याची तूट धरतात का? दर किलोवर ठरतो की मणावर, आणि तुमच्या गावात मण किती किलोचा? पहिल्या वेच्यात बोंडं भरपूर असतात. शेवटच्या वेच्यात पऱ्हाटीला कापूस विरळ राहतो, तेवढ्याच किलोला जास्त फिरावं लागतं, म्हणून दर वाढतो. तो कोणत्या दिवशी वाढला, तेही टिपून घ्या.

बायका काय विचारतात तिकडे खास कान द्या. वहीजवळ येऊन सहसा एकच प्रश्न येतो: “माह्या नावावर किती झालं, अन् उचल किती कापली?” तुमच्या पूर्ण सॉफ्टवेअरने याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. रंगीत आलेख, लॉगिनचं पान, मोबाइल ॲप हे पहिल्या हंगामात मनातही आणू नका.

तीन तक्ते

पहिला तक्ता मजुरांचा: क्रमांक, नाव, ओळख. दुसरा वेचणीचा: तारीख, मजूर क्रमांक, एकूण वजन, कापडाचं वजन, त्या दिवसाचा दर. तिसरा उचलीचा: तारीख, मजूर क्रमांक, रक्कम. एवढंच. पण या तिन्हींत फसण्याच्या जागा आहेत.

नावाला ओळख समजू नका. एका टोळीत दोन सुनंदा असतातच. मोबाइल नंबरही ओळख म्हणून चालत नाही, कारण घरात फोन एक आणि वापरणारे चार. प्रत्येकीला एक क्रमांक द्या आणि ‘ओळख’ या रकान्यात गावात जी खूण चालते ती लिहा, शाळेजवळची, विहिरीकडची. आधार क्रमांक घेऊच नका. या हिशोबाला तो लागत नाही. आणि जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्या हातून सांडतही नाही.

दर हा वेचणीच्या प्रत्येक नोंदीतच लिहा. नवशिके दर एका जागी ठेवतात आणि हिशोबाच्या वेळी त्याने गुणतात. मग जानेवारीत दर १० वरून १२ केला की नोव्हेंबरचा झालेला चुकाराही बदललेला दिसतो.

नोंद चुकली तर ती पुसू नका, बदलूही नका. वहीत काय करतात? चुकीच्या आकड्यावर रेघ मारतात, बाजूला बरोबर आकडा लिहितात, सही करतात. जुना आकडा दिसत राहतो, म्हणून विश्वास राहतो. डेटाबेसमध्येही तसंच करा. चुकीची नोंद रद्द करणारी उलटी नोंद टाका, मग नवी टाका, आणि ‘कारण’ असा एक रकाना ठेवा.

आता एसक्यूलाइटचे तीन स्वभाव. एक, मजूर क्रमांक खरोखर मजुरांच्या तक्त्यात आहे का, हे तो आपणहून तपासत नाही. फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, आणि प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ‘प्राग्मा’ ही सेटिंगची आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. हे विसरलात तर नसलेल्या १९ नंबरच्या बाईच्या नावावर ३० किलो कापूस चढतो आणि कुणालाच कळत नाही. दोन, पायथनमधून नोंद टाकल्यावर ‘कमिट’ (नोंद पक्की करायची आज्ञा) केलं नाही तर प्रोग्राम बंद होताच ती नोंद नाहीशी होते. संध्याकाळी वीस नोंदी टाकल्या, पडद्यावर दिसल्या, सकाळी पाहतो तर तक्ता रिकामा, असं झालं की दोष बहुतेक इथेच असतो. तीन, रकाना पूर्णांकाचा म्हणून जाहीर केला तरी एसक्यूलाइट त्यात मजकूर मुकाट ठेवून घेतो. हा तिसरा स्वभाव मराठीत काम करणाऱ्यांना फार महागात पडतो.

१२.५ आणि त्याचे सापळे

मराठी कीबोर्ड लावलेला असला की वजन ‘१२.५’ असं देवनागरी अंकांत टाइप होतं. मजकुराचा आकडा करणारे पायथनचे ‘इंट’ (पूर्णांक), ‘फ्लोट’ (दशांश) आणि ‘डेसिमल’ (अचूक दशांश) हे देवनागरी अंक बरोबर वाचतात. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र त्यालाच ‘आकडा नाही’ म्हणते. आणि तुम्ही आकड्यात न बदलता तो मजकूर तसाच एसक्यूलाइटमध्ये टाकलात तर तो अक्षरं म्हणून साठतो, आणि बेरीज घेताना त्याची किंमत शून्य धरली जाते. चुकीची सूचना नाही, लाल ओळ नाही. फक्त त्या बाईचे साडेबारा किलो बेरजेतून गायब. उपाय असा: आलेला प्रत्येक आकडा आधी पायथनमध्ये बदलून घ्या, बदलता आला नाही तर नोंद नाकारा, आणि तक्ता बनवताना ‘स्ट्रिक्ट’ शब्द लावा. एसक्यूलाइटच्या ३.३७ पासूनच्या आवृत्त्यांत ही सोय आहे.

पैसे आणि वजन दशांशात साठवू नका. पायथनमध्ये ४.३५ ला १०० ने गुणून पाहा, उत्तर येतं ४३४.९९९९९९९९९९९९९४, आणि त्याचा पूर्णांक केला की ४३४. एक पैसा गेला. कारण कॉम्प्युटर हे आकडे दोनाच्या घातांत साठवतो, आणि ४.३५ त्या पद्धतीत पुरता बसत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही. म्हणून वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. आलेला मजकूर ‘डेसिमल’ने वाचा, १००० किंवा १०० ने गुणा, मग पूर्णांक करा. मधे ‘फ्लोट’ येऊच देऊ नका.

रुपयापर्यंत पूर्ण करतानाही लक्ष हवं. पायथनचा ‘राउंड’ अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो: २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. वहीतली रीत अर्ध्याला वर न्यायची असते. ‘डेसिमल’मध्ये ‘राउंड हाफ अप’ सांगता येतं, ते वापरा. आणि पूर्ण करायचं ते फक्त एकदा, चुकाऱ्याच्या शेवटच्या रकमेवर. रोजच्या रोज केलं तर आठवड्याअखेर फरक साचतो.

तारीख साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि अंक इंग्रजी. दिवस आधी लिहिला तर ०२-१२-२०२५ हा मजकूर ०३-११-२०२५ च्या आधी लागतो, म्हणजे डिसेंबर नोव्हेंबरच्या पुढे जाऊन बसतो. दाखवताना हवी तशी दाखवा.

पायथनमध्ये चलांना (किंमत साठवायच्या जागांना) देवनागरी नावं देता येतात.

मजुरी = निव्वळ_वजन * दर

ही ओळ जशीच्या तशी चालते. फक्त कोडमध्ये थेट लिहिलेले आकडे इंग्रजीतच हवेत. शिकताना अशी नावं जरूर वापरा, डोक्यातला हिशोब आणि पडद्यावरचा हिशोब एक होतो. नोकरीतल्या टीममध्ये गेलात की इंग्रजी नावं ठेवा, कारण तिथे वाचणारे सगळे मराठी नसतात.

मराठी अक्षरं

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर पायथन जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने लिहायला जातो आणि पहिल्याच नावावर अडतो. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ हे एन्कोडिंग लिहा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा. फाइलच्या सुरुवातीला एक खूण जाते आणि एक्सेल ती ओळखतं.

नाव शोधताना सापडत नाही, पण पडद्यावर तर तेच दिसतंय? ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन संकेत मिळून. डोळ्याला सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं. नाव साठवण्याआधी ते युनिकोडच्या एनएफसी रूपात (या दोन्ही तऱ्हा एकच करणाऱ्या रूपात) आणा आणि मागची-पुढची मोकळी जागा कापा. त्यातूनही जोडाक्षरं ठीक दिसावीत म्हणून घुसवलेली अदृश्य ‘झिरो विड्थ जॉइनर’ खूण उरते. ती एनएफसीने जात नाही, तुलना करताना वेगळी काढावी लागते.

‘विदर्भ’ या शब्दाची लांबी पायथन ६ सांगतो: व, ि, द, र, ्, भ. आपल्याला अक्षरं तीन दिसतात. म्हणून मोकळ्या जागा टाकून रकाने सरळ करायला गेलात तर चिठ्ठी वाकडीच छापली जाते. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या आणखी घोळ करतात. जोडाक्षरं जोडण्याचं आणि वेलांटी व्यंजनाआधी नेण्याचं काम त्या करत नाहीत, मग वेलांटी भलत्याच जागी पडते आणि रफार सुटा होऊन पाय मोडका दिसतो. या भानगडीत पडू नका. चिठ्ठीचं साधं एचटीएमएल पान बनवा, त्यात तक्ता घाला, फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी ठेवा, आणि ब्राउझरमधून छापा किंवा पीडीएफ करा. अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर चोख करतो. चिठ्ठीवरचे आकडे देवनागरीत हवेत तर छापण्याआधी दहा अंकांची अदलाबदल करणारी एक ओळ पुरते.

जुन्या डीटीपी दुकानातून कुणी नावांची यादी दिली आणि ती फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागली, तर ती कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली आहे. रूपांतर करायची साधनं आहेत, पण वीस नावं असतील तर हाताने टाइप करा, लवकर होतं.

पहिली चाचणी आणि पहिला आठवडा

कागदावर एक आठवडा बनवा. सहा दिवसांचं निव्वळ वजन: ३१, २८.५, ३४.२, चौथ्या दिवशी खाडा, मग ३०.३ आणि २६. बेरीज १५० किलो. दर १० रुपये, मजुरी १५००. उचल ५००. हातात १०००. हीच तुमची पहिली चाचणी. कोडमध्ये काहीही बदललं की ती आपोआप चालली पाहिजे आणि उत्तर १००० च आलं पाहिजे. मग दुसरी: आठवड्याच्या मधे दर बदलला. तिसरी: उचल मजुरीपेक्षा जास्त झाली, बाकी पुढच्या आठवड्यात गेली पाहिजे. चौथी: वजन देवनागरीत टाकलं. पाचवी: कापडाचं वजन एकूण वजनापेक्षा जास्त टाइप झालं, नोंद नाकारली पाहिजे.

खऱ्या वापरात पहिले दोन आठवडे वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवा. काट्याजवळ लॅपटॉप नेऊ नका. धूळ, अंधार आणि घाई तिन्ही असतात. वजन वहीतच लिहिलं जाऊ द्या, रात्री घरी नोंदी चढवा, आणि शेवटी दिवसाची एकूण बेरीज वहीच्या बेरजेशी ताडून पाहा. ३२.४ चं ३४.२ झालं तर ते इथे पकडलं जातं. बाजाराच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या काढा. चिठ्ठीत रोजचं वजन वेगळं दिसू द्या, नुसती एकूण रक्कम नको. ज्या बाईला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. तिला स्वतःचं सहाही दिवसांचं वजन पाठ असतं. ती ‘मंगळवारी एवढं नव्हतं’ म्हणाली तर आधी वही पाहा, मग कोड. चिठ्ठी आणि वही जुळली नाही तर चुकारा वहीप्रमाणेच व्हावा.

बॅकअप घेताना प्रोग्राम चालू असताना डेटाबेसची फाइल तशीच कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली नोंद उचलली जाऊ शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, पायथनमधूनही देता येते. रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर, तारखेच्या नावाने. आठवड्यातून एकदा त्यातली एक प्रत उघडून बेरीज करून पाहा. कधी उघडूनच न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

गिट आणि मुलाखत

गिट पहिल्या दिवसापासून वापरा. त्याला नेट लागत नाही. इथले कमिट म्हणजे कोडमधल्या बदलांच्या जतन केलेल्या नोंदी; ते तुमच्याच यंत्रावर होतात, तालुक्याला गेलात की पुश करा, म्हणजे नेटवरच्या प्रतीत चढवा. एका कमिटमध्ये एकच बदल, आणि संदेशात कारण: ‘देवनागरी अंकातलं वजन बेरजेत येत नव्हतं, आता आधी आकड्यात बदलतो’. वर्षभराने हे संदेशच तुमची मुलाखतीची तयारी होतात.

सर्वात मोठी चूक इथे होते: खऱ्या नावांची डेटाबेस फाइल कोडसोबत सार्वजनिक जागी चढते. लक्षात आल्यावर मुलं ती पुढच्या कमिटमध्ये काढून टाकतात, पण गिटच्या इतिहासात ती राहतेच, कुणीही मागे जाऊन उघडू शकतं. म्हणून पहिल्या कमिटच्या आधीच ‘गिटइग्नोर’ (गिटने काय उचलू नये ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये डेटाबेस आणि सीएसव्हीची नावं घाला. दाखवायला खोट्या नावांचा वेगळा नमुना बनवा.

रीडमी या प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये लिहा की हे कुणासाठी आहे, कसं चालवायचं, किती आठवडे खरं चाललं, काय चुकलं होतं आणि काय अजून होत नाही. शेवटचे दोन मुद्दे मुलं लाजून गाळतात. मुलाखतीत नेमकं त्यांवरच बोलणं रंगतं.

हंगामाबाहेरचे छंद

उन्हाळ्यात वावर रिकामं असतं तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर गाव काढायला घ्या. पांदण रस्ते, नाले, विहिरी, शाळा, पाणवठा, यातलं बरंच नकाशावर नसतं आणि ते अचूक फक्त गावातल्या माणसालाच ठाऊक असतं. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे त्याच नकाशाचं ॲप घेऊन फिरलात तरी सुरुवात होते. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचा लेख सुधारणं, मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजांच्या खुल्या संग्रहाला मराठी वाक्यं वाचून देणं, हेही त्याच जातीचं काम. कॉमन व्हॉइसमध्ये वऱ्हाडी कानाची, वऱ्हाडी उच्चारांची माणसं यायलाच हवीत. नाहीतर आवाज ओळखणारी सॉफ्टवेअरं पुण्या-मुंबईचं मराठी शिकतील आणि आपल्या मावशीचं बोलणं त्यांना कळणार नाही.

हंगाम संपल्यावर

शेवटचा चुकारा झाला की त्याच आठवड्यात हिशोब बंद करा. प्रत्येकीची बाकी शून्य आहे का ते पाहा, उचल शिल्लक असेल तर ती पुढच्या हंगामाच्या पहिल्या नोंदीत स्पष्ट लिहा आणि त्या बाईला तोंडी सांगा. पूर्ण हंगामाचा हिशोब छापून वहीसोबत शेतमालकाकडे द्या. स्वतःच्या लॅपटॉपवरून खरी नावं काढून टाका, शिकण्यासाठी नुसते क्रमांक आणि आकडे ठेवा. पेनड्राइव्हवरच्या रोजच्या प्रतींतली शेवटची ठेवून बाकीच्या पुसा. मग ‘कारण’ या रकान्यात हंगामभर जमलेल्या दुरुस्त्या एकदा वरपासून खाली वाचून काढा. सर्वात जास्त वेळा आलेलं कारण निवडा आणि पुढच्या दसऱ्याआधी कोडमध्ये तेवढंच एक नीट करा.